टाकळ्याची जुडी

२४ जून, नेरूळ
दिवा मालवला की खाज सुटते. कमरेच्या पट्ट्याखाली रुपयाएवढा चट्टा होता, तो तळहाताएवढा झालाय. तीन दिवस झड लागलीय. दोरीवरचे कपडे वाळत नाहीत, नुसते शिळे होतात. मेव्हण्याने मेडिकलमधून ट्यूब आणून दिली होती. दोन दिवसांत खाज थांबली म्हणून खूश होतो, आठवड्यात चट्टा पसरला. किडनी बदलून पाच वर्षं झालेल्या माणसाने असली ट्यूब लावावी! ओरडा बसेल म्हणून कुणाला सांगितलं नाही.

२७ जून
वाशीच्या त्वचेच्या डॉक्टरबाईंचा पहिलाच प्रश्न, "काय लावलंत?" गजकर्णाला गोल, उठलेली कड असते, माझी फिसकटली होती. ट्यूबमध्ये स्टेरॉइड. त्याने खाज दबते, बुरशी माजते. २०१८ साली सरकारने अशी १४ मलमं चिठ्ठीच्या यादीत घातली, पण मेव्हण्याकडे चिठ्ठी मागितली होती कुणी? बाईंनी ब्लेडने कोंडा खरवडून काचपट्टीवर घेतला, पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकला आणि मलाही बघू दिलं. बारीक, लांबच लांब फांद्या. माझ्याच कमरेवरचं रान.
"घरात आणखी कुणाला आहे?"
"नाही."
टॉवेल वेगळा, आतले कपडे उलटे करून इस्त्री.

२९ जून
पेणहून आई आली. येताना स्टेशनबाहेरच्या बाईकडून टाकळ्याच्या दोन जुड्या घेतल्या, एक भाजीला, एक माझ्या कमरेला. "गावी गजकर्णाला हाच वाटून लावायचे." खोटं नाही, टाकळ्याचं संस्कृत नावच चक्रमर्द. पण खरवडलेल्या कातडीवर कच्चा पाला मी लावू देईना.
"माझी वस्तू आहे तुझ्या पोटात. मी वाईट करीन का तुझं?"
"ती वस्तू टिकावी म्हणूनच अंगातली राखण ढिली ठेवलीय ना गं."
भाजी मात्र चापून खाल्ली, वर ओलं खोबरं. दुसरी जुडी ती परत घेऊन गेली. रागावली असावी.

३ जुलै
आपल्याकडे पसरलेलं हे गजकर्ण टर्बिनाफिनला सहजी दाद देत नाही, म्हणून इट्राकोनॅझोल. पण त्याने यकृतात टॅक्रोलिमसचा, म्हणजे राखण ढिली ठेवणाऱ्या माझ्या गोळीचा, निचरा अडतो, रक्तात ते साचतं आणि किडनीलाच बाधतं. दोन डॉक्टर माझ्यासमोर फोनवर पंधरा मिनिटं बोलले. शेजारच्या मुलाचं गजकर्ण कधी आलं, कधी गेलं, कुणाला कळलंही नाही. माझ्यासाठी बैठक भरते. टॅक्रोलिमस कमी केलं. कॅप्सूल पोटभर जेवून घ्यायची आणि पित्ताची गोळी बंद, कारण कॅप्सूल विरघळायला पोटात आम्ल लागतं.

गंमत म्हणजे टॅक्रोलिमस १९८४ साली जपानच्या त्सुकुबातल्या मातीत सापडलं आणि या चिवट बुरशीचं ट्रायकोफायटन इंडोटिनी हे नावही २०२० साली जपान्यांनीच ठेवलं. नावात आपला देश, हे भूषण म्हणावं की काय.

८ जुलै
सकाळच्या गोळीआधी रक्त द्यायचं, रात्रीच्या गोळीनंतर बरोबर बाराव्या तासाला. संध्याकाळी रिपोर्ट: ११.२. टॅक्रोलिमसची पातळी माझी पाच ते आठमध्ये हवी. दोन दिवस चहाचा कप बशीवर खुळखुळत होता, तेव्हाच कळायला हवं होतं. टॅक्रोलिमस वाढलं की हात कापतात. डोस आणखी खाली.

१९ जुलै
६.८. कप गप्प. इस्त्री चालू.

२ ऑगस्ट
चट्टा सपाट, तपकिरी. दिसेनासा झाला तरी औषध आणखी दोन आठवडे, बाईंनी बजावलं. करंगळीवरची चामखीळ पुढच्या खेपेला बघू म्हणाल्या. उन्हात टोपी घालता का, हेही विचारलं. किडनीवाल्यांना कातडीच्या कॅन्सरचा धोका जास्त. पावसाळ्यात कसली टोपी, म्हणालो, तर हसल्या नाहीत.

रात्री आईला फोन केला. गेलं रे बाई एकदाचं, म्हणाली. मग जरा थांबून,
"माझं नाही जात मेलं."
"काय?"
"परकराच्या नाडीखाली. ती जुडी वाटून लावली, पण काही उपयोग नाही."
"कधीपासून?"
"मे महिन्यात तुझ्याकडे होते ना, तेव्हापासून. म्हटलं, घामोळं असेल."