पुणतांब्याचा माणूस, ईना मीना डीका आणि आपल्या करंजाड्यातली गिटार

पोस्ट मोठी आहे, आधीच सांगतो. पाणी, खड्डे आणि पार्किंग सोडून आज जरा वेगळ्या विषयावर लिहितोय. पण विषय आपल्याच घरचा आहे. चहा घेऊन बसा.

विसर्जनाच्या मिरवणुकीत वाजप रंगात आलं की एखादे काका पुढे येतात. पाय जागच्या जागी, हात अर्धे वर, खांदे सैल. कुणीतरी ओरडतं, "भगवानदादा स्टाईल!" यापेक्षा मराठी नाच दुसरा कुठला असणार? गिरणी कामगाराचा मुलगा भगवान आबाजी पालव, म्हणजेच मास्टर भगवान, ती स्टेप १९५१ च्या 'अलबेला'त नाचला आणि ती घराघरांत पोचली. त्या सिनेमातलं 'शोला जो भडके' एकदा कान देऊन ऐका. बोंगो आहे, ट्रम्पेट आहे, क्लॅरिनेट आहे. ढोलकी शोधत बसावी लागेल. ज्या गाण्यावर आपले काका 'आपला' नाच करतात, त्याचा अर्धा संसार सातासमुद्रापलीकडून आलेला आहे.

ते गाणं बांधलं आणि लताबाईंबरोबर गायलं तो माणूस तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातल्या पुणतांब्याचा. रामचंद्र नरहर चितळकर, म्हणजे सी. रामचंद्र. जन्म १२ जानेवारी १९१८. गोदाकाठचं गाव, चांगदेवांच्या समाधीसाठी ओळखलं जाणारं. पुण्यात विनायकबुवा पटवर्धनांच्या गांधर्व महाविद्यालयात शिक्षण, नागपुरात शंकरराव सप्र्यांकडे शिक्षण. म्हणजे पाया पक्का. आधी नट व्हायला निघाले होते, १९३५ च्या 'नागानंद'मध्ये नायक झाले, पण ते काही जमलं नाही. मग सोहराब मोदींच्या मिनर्व्हा मूव्हीटोनमध्ये छोट्या भूमिका आणि पोटापाण्यासाठी हार्मोनियम. संगीतकार म्हणून पहिले सिनेमे चक्क तमिळ. हिंदीत नाव झालं ते मास्टर भगवान यांच्याच 'सुखी जीवन'पासून, १९४२ साली.

बेनी गुडमन या अमेरिकन क्लॅरिनेटवाल्याचा जॅझ त्यांच्या कानात बसला होता. १९४७ च्या 'शहनाई'त 'आना मेरी जान संडे के संडे' आलं आणि लोक वेडे झाले. १९४९ ला 'पतंगा'तलं 'मेरे पिया गए रंगून'. मग 'अलबेला'. आणि १९५७ च्या 'आशा'त 'ईना मीना डीका'. हिंदी सिनेमातल्या पहिल्यावहिल्या रॉक अँड रोल गाण्यांत आजही त्याचं नाव घेतात. त्या गाण्याची गोष्ट अशी सांगतात की तालमीच्या खोलीबाहेर पोरं इंग्रजी ढंगाचं 'अडम तडम' खेळत होती. ते शब्द यांनी उचलले आणि सहायक जॉन गोम्स यांनी त्याला कोकणीतलं 'मला नको' जोडलं. झालं गाणं. शब्दांना अर्थ नाही, पण साठ-सत्तर वर्षं लोक त्यावर नाचतायत.

आता जरा अमेरिकेत जाऊन येऊ, कारण नेमक्या त्याच काळात तिथेही असंच काहीतरी चाललं होतं. तिथल्या त्या संगीताला 'रॉकाबिली' म्हणतात. रॉक अधिक हिलबिली. हिलबिली म्हणजे डोंगरातला अडाणी, आपल्याकडे 'गावंढळ' म्हणून जी शिवी देतात ना, तीच. कार्ल पर्किन्स हा त्यातला बिनीचा गिटारवाला आणि गायक. जन्म १९३२, टेनेसी राज्यातल्या गरीब शेतमजुराच्या घरात. लहानपणी कापूस वेचायला जायचा. बापाने सिगारची पेटी आणि झाडूचा दांडा जोडून पोराला पहिली गिटार करून दिली. आणि बोटं कशी टाकायची हे शिकवलं शेतावर राबणाऱ्या जॉन वेस्टब्रुक नावाच्या काळ्या म्हाताऱ्याने. तो काळ असा, की गोऱ्या आणि काळ्या मुलांच्या शाळासुद्धा कायद्याने वेगळ्या होत्या. गोऱ्यांचं गावरान गाणं आणि काळ्यांचं ब्लूज या पोराच्या बोटांत एक झालं.

डिसेंबर १९५५ मध्ये त्याने मेम्फिसच्या सन रेकॉर्ड्ससाठी 'ब्लू स्वेड शूज' केलं आणि नाव झालं. मार्च १९५६ मध्ये टीव्हीच्या कार्यक्रमासाठी न्यूयॉर्कला निघाला असताना गाडीला भीषण अपघात झाला, आणि तो इस्पितळात पडून असताना तेच गाणं एल्विस प्रेस्ली टीव्हीवरून गाजवत होता. पुढे बीटल्सनी पर्किन्सची गाणी रेकॉर्ड केली, पण जगाला आधी आठवतो तो एल्विसच. तिथल्या सभ्य लोकांनी या सगळ्या संगीताला काय म्हटलं असेल? थिल्लर, पोरं बिघडवणारं, आपल्या संस्कारात न बसणारं.

आपल्याकडेही तेच झालं, आणि करणारा मराठी माणूसच होता. १९५२ ला बाळकृष्ण विश्वनाथ केसकर माहिती व नभोवाणी मंत्री झाले. विद्वान माणूस. शास्त्रीय संगीतासाठी त्यांनी रेडिओवर मोठं काम केलं, ते नाकारायचं कारण नाही. पण सिनेमाचं गाणं, त्यातलं पाश्चात्त्य वाजप त्यांना हलकं वाटायचं. आकाशवाणीवरून सिनेसंगीत जवळजवळ हद्दपार झालं. मग काय झालं? लोक सुधारले? छे! लोकांनी काटा फिरवला आणि रेडिओ सिलोन लावलं. डिसेंबर १९५२ ला 'बिनाका गीतमाला' सुरू झाली आणि अमीन सायानींचा आवाज घरातला झाला. शेवटी ३ ऑक्टोबर १९५७ ला सरकारलाच विविध भारती काढावी लागली. 'ईना मीना डीका' आलं तेच हे वर्ष. बंदीचा हिशोब तिथेच पूर्ण झाला.

आणखी एक गंमत सांगतो. आपल्या गावागावांत एकादशीला भजन बसतं, मध्ये पेटी असते. पेटीशिवाय भजन ही कल्पना करता येते का? ही पेटीसुद्धा युरोपातूनच आली. आकाशवाणीने १९४० साली तिच्यावर बंदी घातली होती, आपल्या संगीतात बसत नाही म्हणून. ती सैल व्हायला तीस वर्षं लागली. पेटीने काही वाद घातला नाही. ती वाजत राहिली आणि आपली होऊन बसली.

बेंजोचंही तेच. पनवेल-उरण पट्ट्यात हळद असो की गणपती, बेंजो पार्टी पाहिजेच. ज्याला आपण बेंजो म्हणतो ते मूळचं जपानी वाद्य, टायशोगोतो. १९१२ च्या सुमारास नागोयात जन्मलेलं. आपल्याकडे येऊन ते बुलबुलतरंग झालं, मग त्याला करंट जोडला आणि आगरी-कोळी गाण्यांचा तो आवाजच होऊन गेला. माझा एक मामा अशाच एका पार्टीत बेंजो वाजवायचा. रात्रभर वाजवून पहाटे घरी यायचा तेव्हा बोटांची टोकं सुजलेली असायची. पत्रिकेवर पार्टीचं नाव मोठ्या अक्षरांत असायचं, वाजवणाऱ्यांचं कधीच नसायचं. मामा गेला, त्याचं वाजप मिरवणुकीच्या एका जुन्या कॅसेटमध्ये उरलंय. त्यावर त्याचं नाव नाही.

सी. रामचंद्रांच्या मागेही अशीच माणसं उभी होती. आल्दोनाचा आंतोनियो झेवियर वाझ, ट्रम्पेटवाला, सगळे त्याला 'चिक चॉकलेट' म्हणत. 'अलबेला'त तो आपल्या बँडसह पडद्यावरही दिसतो. गोव्याच्या चर्चच्या शाळांत ही मुलं लहानपणीच नोटेशन वाचायला शिकत आणि मुंबईत येऊन अख्ख्या वाद्यवृंदाचे कागद लिहून काढत. पुणतांब्याच्या माणसाची बागेश्री आणि आल्दोनाच्या माणसाचं ट्रम्पेट एका खोलीत बसलं तेव्हा ती गाणी झाली. कारण 'ईना मीना डीका'वाला हाच माणूस १९५३ च्या 'अनारकली'त 'जाग दर्द-ए-इश्क जाग' बागेश्रीत बांधतो, गदिमांच्या 'गीतगोपाल'ला चाली देतो, आणि २७ जानेवारी १९६३ ला दिल्लीच्या नॅशनल स्टेडियममध्ये 'ऐ मेरे वतन के लोगो' ऐकवून अख्ख्या देशाला रडवतो. आपल्या लेकरांना आपण 'पप्पा सांगा कुणाचे' म्हणून दाखवतो, तेही यांचंच, १९७० च्या 'घरकुल'मधलं. पाश्चात्त्य वाजवल्याने यांचं मराठीपण कुठे सांडलं, मला तरी दिसलं नाही. ५ जानेवारी १९८२ ला ते गेले.

एवढं सगळं आज का लिहितोय? आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर गेला आठवडाभर वाद चाललाय. गणपतीत चार मुलांना अर्धा तास मागून हवाय. दोन गिटार, एक कॅहोन (बसायच्या खोक्यासारखं असतं, त्यावरच बसून वाजवतात), आणि गाणारी मुलगी. त्यातला एक मुलगा विमानतळाच्या जागेतून उठून इथे आलेल्या कुटुंबातला आहे. त्याची आजी धवलारीण, लग्नात धवळे गाणारी. तो आजीच्या धवळ्याखाली गिटारचे कॉर्ड लावून बघतोय. मी ऐकलंय. अंगावर काटा येतो. ग्रुपवर उत्तर काय आलं? "हे आपल्या संस्कृतीत बसत नाही. त्यापेक्षा डीजे सांगू." डीजे कुठल्या संस्कृतीत बसतो हे मात्र कोणी विचारलं नाही.

मंडळी, मी डीजेच्या विरोधात पोस्ट लिहीत नाहीये. पण हिशोब करा. रहिवासी भागात दिवसा ५५ डेसिबल आणि रात्री ४५, अशी मर्यादा २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत आहे. रात्री दहानंतर लाउडस्पीकर बंद. चार पोरांच्या गिटारीने कोणाच्या काचा हादरत नाहीत. आणि ही पोरं सराव कुठे करतात माहिताय? वन बीएचकेत शेजारी भिंत ठोकतात, गच्चीला कुलूप असतं, म्हणून खाडीकडच्या रस्त्याला, डासांत. या गावांनी आपली घरं, शेतं, मंदिरं विमानतळासाठी सोडली. निदान त्यांच्या नातवंडांना गाणं तरी छपराखाली म्हणता यावं.

तर माझं मागणं साधं आहे. पैसे लागत नाहीत, लागली तर थोडी इच्छाशक्ती.

एक. प्रत्येक मंडळाने गणपतीत एक तास जिवंत वाजवणाऱ्यांना द्यावा. भजन, बेंजो, धवळे, गिटार, काहीही. पण माणसाने वाजवलेलं.

दोन. ज्या सोसायट्यांत हॉल आहे त्यांनी आठवड्यातून दोन संध्याकाळी, सात ते नऊ, तो मुलांना सरावासाठी उघडावा. जबाबदारीला एक मोठा माणूस बसेल. आमच्या इमारतीत मी बसायला तयार आहे.

तीन. कार्यक्रमाच्या पत्रिकेवर देणगीदारांची नावं छापतो, तशी वाजवणाऱ्या प्रत्येकाचं नाव आणि वाद्य छापावं. कागद तोच, शाई तीच.

करंजाड्यात कोकणातले, घाटावरचे, विदर्भातले, इथले मूळचे आगरी-कोळी आणि देशभरातून आलेले असे सगळे एका जिन्यात राहतो. आपलं आणि परकं असं चाळत बसलो तर हातात काहीच उरणार नाही, पेटीही नाही आणि बेंजोही नाही. वाद्य कुठून आलं यापेक्षा ते कोण वाजवतंय आणि त्यात कोणाची गोष्ट सांगतंय हे बघा. धवळ्याखालची गिटार ही आपल्या इथली गोष्ट आहे. दुसरीकडे कुठे ती होणारच नाही.

पटलं तर आपापल्या मंडळाच्या ग्रुपवर टाका. नाही पटलं तर खाली लिहा, भांडू, पण मुद्द्यावर. आणि ज्यांच्याकडे हॉलची किल्ली असते त्यांना तेवढं टॅग करा.