संडासाची टाकी आणि खारं तळं

ऱ्होड आयलंडच्या दक्षिण किनाऱ्यावर, वाळूच्या पट्ट्यांआड खाऱ्या तळ्यांची रांग आहे. निनिग्रेट, क्वोनोकॉन्टॉग, विनापॉग, पॉटर. आमचं घर त्याच रांगेतल्या ग्रीन हिल पाँडजवळ. पाणी जिवाणूंनी दूषित म्हणून इथे १९९४ पासून शिंपले काढायला बंदी आहे, हे राहायला आल्यावर कळलं. अलिबागच्या माणसाने तळ्याकाठी राहायचं आणि शिंपले दुकानातून आणायचे!

त्या चिडीपोटीच मी सॉल्ट पाँड्स कोअलिशनकडे नाव नोंदवलं. ही एक स्थानिक संस्था. तिचे स्वयंसेवक उन्हाळाभर तळ्यांच्या पाण्याचे नमुने घेतात आणि ते विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत जातात. मला वाटलं होतं, किनारा झाडू, रोपं लावू, फोटो काढू. हाती आल्या बाटल्या आणि एक तक्ता.

जायचं पहाटेच. रात्री प्रकाशसंश्लेषण थांबतं, पण शेवाळासकट सगळ्यांचा श्वास चालूच असतो. त्यामुळे उजाडताना पाण्यातला प्राणवायू सगळ्यात कमी असतो. दुपारी मोजलं तर तळं खोटं बोलतं. बाटली पाण्याखालीच भरायची, आत एकही बुडबुडा राहता कामा नये. रसायनं घालून प्राणवायू जागच्या जागी बांधायचा, शेवटी स्टार्चने निळं झालेलं द्रावण रंगहीन होईपर्यंत थेंब थेंब सोडायचे. बारावीच्या प्रॅक्टिकलनंतर टायट्रेशनशी सुटलेला संबंध असा पुन्हा जुळला. माझ्या जोडीला सत्तरी ओलांडलेल्या एक निवृत्त शिक्षिका होत्या. बुडबुडा दिसला की त्या काही न बोलता बाटली रिकामी करून परत माझ्या हातात देत.

आकडे हळूहळू बोलायला लागले. ग्रीन हिलला समुद्राकडे स्वतःचं तोंड नाही. एका अरुंद वाटेने ते निनिग्रेटला जोडलेलं आहे, आणि निनिग्रेटमधून दगडी बांधांनी पक्क्या केलेल्या मुखातून पाणी समुद्राला मिळतं. भरतीचा जोर आमच्यापर्यंत येईतो ओसरतो, म्हणून आत आलेली घाण रेंगाळते. आणि ती येते आमच्याच घरांतून. बहुतेक घरांना सेप्टिक टाकी. टाकीचं पाणी जमिनीत मुरतं, पण हिमनदीने आणून टाकलेल्या वाळू-गोट्यांच्या जमिनीत नायट्रेट अडत नाही. भूजलाबरोबर ते तळ्यात उतरतं. वर लॉनचं खत. मग शेवाळ माजतं, पाणी गढूळ होतं, तळाच्या ईलग्रासला ऊन मिळेनासं होतं. स्कॅलप नावाच्या शिंपल्यांची पिल्लं याच गवताला चिकटून वाढतात.

हे सगळं फोनवर आईला सांगितलं. ती म्हणाली, "एवढं शिकून अमेरिकेत गेलास आणि लोकांच्या संडासाच्या टाक्या विचारत फिरतोस?"

फिरतो खरा. निनिग्रेटमध्ये काही वर्षांपूर्वी गाळ उपसून बुडत चाललेल्या खारदलदलीवर पसरला, तिची उंची वाढवली. काम चांगलंच झालं, आणि अशा कामाचे फोटोही छान येतात. टाकी उपसायला आलेल्या ट्रकचा फोटो कोणी काढत नाही. पण ग्रीन हिल सुधारलंच, तर माझ्या मते त्या ट्रकमुळे, आणि नायट्रोजन कमी करणाऱ्या नव्या, महागड्या यंत्रणांमुळे सुधारेल.

समोरच्या घरात फक्त उन्हाळ्यात माणसं येतात. मालकाला विचारलं, टाकी शेवटची कधी उपसली? "अजून काही त्रास नाही," तो म्हणाला. त्रास त्याला नव्हताच, टाकीतलं पाणी खालच्या बाजूला तळ्याकडे जात होतं. त्याच्या धक्क्यावरून घेतलेल्या नमुन्यांचे आकडे पुढे ठेवले, तेव्हा तो बराच वेळ कागद बघत राहिला. पुढच्या उन्हाळ्यात त्याने टाकी उपसून घेतली. लॉनला खत मात्र अजून घालतो. त्यावर आमचं बोलणं चालू आहे.