मागच्या ॲक्सलला कुणी विचारत नाही

डेन्व्हरमध्ये मे महिना लागला, की आमच्या मराठी मंडळींत एक प्रश्न फिरू लागतो : "तुमची पिकअप ओढते किती?" उत्तर ठरलेलं असतं. जाहिरातीत ठळक छापलेलं तेरा हजार पौंड, चौदा हजार पौंड. त्यामागून हॉर्सपॉवर येते, क्वचित टॉर्क येतो. मागच्या ॲक्सलचा रेशो मात्र कुणी विचारत नाही, आणि विकणाऱ्यालाही तो स्क्रीनवर शोधावा लागतो. हे मला फार खटकतं, कारण ट्रेलर ओढत केलेल्या आपल्या सगळ्यांच्या सहली शेवटी एकाच रस्त्याने जातात आणि तो रस्ता जाहिरात वाचत नाही.

आय-७० महामार्गावरचा आयसेनहॉवर बोगदा ११,१५८ फुटांवर आहे. मोॲब किंवा ग्लेनवुडहून परतताना सिल्व्हरथॉर्न सोडलं की त्या बोगद्यापर्यंत रस्ता काही टप्प्यांत ७ टक्क्यांनी चढतो. जाहिरातीतल्या आकड्यामागे एसएई या वाहन-अभियंत्यांच्या संस्थेचं जे२८०७ हे मानक असतं आणि ते प्रामाणिक आहे. ॲरिझोनात डेव्हिस डॅमपासून ११.४ मैलांचा चढ, भर उन्हाळा, एसी पूर्ण चालू, आणि वेग ताशी ४० मैलांच्या खाली येता कामा नये. पण तो चढ जिथे संपतो ती जागा डेन्व्हरपेक्षाही खाली आहे. आपला चढ नऊ हजार फुटांवर सुरू होतो.

आता ॲक्सल. गिअरबॉक्समधून निघालेला शाफ्ट मागे क्राउन-पिनियनमार्फत चाकं फिरवतो. रेशो ३.३१ असेल तर शाफ्टच्या ३.३१ फेऱ्यांना चाकाची एक फेरी. ३.७३ असेल, तर तेवढ्याच टॉर्कमधून चाकाला जवळजवळ १३ टक्के जास्त जोर मिळतो. बदल्यात त्याच वेगाला इंजिन १३ टक्के जास्त फिरतं आणि रिकाम्या गाडीला पेट्रोल थोडं जास्त लागतं. सौदा एवढाच आहे. कंपन्यांच्या टोइंग गाइडमध्ये एकाच इंजिनापुढे रेशोनुसार वेगवेगळे आकडे असतात, ते याच्यामुळे.

ज्यांचं बालपण मध्य रेल्वेच्या रुळांजवळ गेलं, त्यांना हे समजावून सांगायला लागू नये. डब्ल्यूएजी-९ हे मालगाडीचं विजेचं इंजिन घ्या. त्याच घराण्यात फक्त गिअर बदलून रेल्वेने प्रवासी गाड्यांसाठी डब्ल्यूएपी-७ तयार केलं. ताकद जवळपास सहा हजार हॉर्सपॉवर, दोघांचीही. मालगाडीवाल्याचा रेशो पाचाच्या थोडा वर, प्रवासीवाल्याचा ३.६. तेवढ्या फरकाने एक ताशी १०० किलोमीटरच्या पुढे जात नाही, पण कोळशाच्या वाघिणींची रांग जागेवरून हलवतं. दुसरं १४० पर्यंत जाऊ शकतं आणि राजधानी नेतं, पण जागेवरून तेवढं ओढू शकत नाही. बोरघाटाचा चढ सदतिसात एक, म्हणजे २.७ टक्के. तरी तिथे कर्जतला गाडीच्या मागे बँकर इंजिनं लागतात, आणि उतरणीवर सुटलेल्या गाडीसाठी कॅच सायडिंग ठेवलेली असते. जड गाडी डोंगरावर न्यायची तर केवळ मोठं इंजिन जोडून भागत नाही, हे आपल्याकडच्या रेल्वेने शंभर वर्षांपूर्वीच मान्य केलं होतं. फरक एवढाच की आपल्या पिकअपला मागून ढकलायला कुणी येणार नाही. जे काही करायचं ते खरेदीच्या दिवशीच करायचं. नंतर रेशो बदलायचा, तर फोर-व्हील-ड्राइव्हमध्ये पुढचं आणि मागचं दोन्ही क्राउन-पिनियन उघडावं लागतं.

या तुलनेला एक मर्यादा आहे. विजेच्या इंजिनाला चालता-चालता गिअर बदलणारा गिअरबॉक्स नसतो. बऱ्याच पिकअपना आता दहा गिअर असतात. जुन्या फोर्डच्या चार गिअरच्या पेटीत पहिला गिअर २.८४ होता, ३.७३ च्या ॲक्सलशी गुणला तर साधारण १०.६. आजच्या दहा गिअरच्या पेटीत पहिला ४.६९ आहे; ३.३१ शी गुणला तरी १५.५ येतात. त्यामुळे "३.७३ नसेल तर ट्रेलर विसरा" हा जुना सल्ला आता जसाच्या तसा खरा नाही, हे मान्य करायला हवं. तरी मी ३.७३ च घ्या म्हणेन, आणि त्याचं कारण पुढे जाण्यात नसून मागे येण्यात आहे. रिव्हर्स गिअर आजही एकच असतो. संध्याकाळी कॅम्पग्राउंडवर चढणीच्या जागेत ट्रेलर इंचाइंचाने मागे सारायचा असतो, तेव्हा दहा गिअरांपैकी एकही मदतीला येत नाही. तिथे ॲक्सलचा रेशो कामी येतो.

इंजिनाबद्दल थोडक्यात. अकरा हजार फुटांवर हवेची घनता समुद्रसपाटीच्या सुमारे ७० टक्के असते, म्हणून साध्या व्ही-८ ची जवळपास तेवढीच ताकद तिथे उरते. टर्बो ही तूट बरीचशी भरून काढतो. फोर्डच्या एफ-१५० पिकअपचं ३.५ लिटरचं टर्बो इंजिन ३,१०० आरपीएमवर ५०० पौंड-फूट देतं; ५ लिटरचं व्ही-८ ४,२५० वर ४१०. गाडी आणि ट्रेलर मिळून १३,००० पौंड धरले, तर ७ टक्के चढावर ताशी ६० मैलांसाठी फक्त चढालाच १४५ हॉर्सपॉवर लागते. वारा कापायला लागेल ती वेगळी. व्ही-८ हे करील, पण खूप फिरून. सिल्व्हराडो पिकअपचं ३ लिटरचं डिझेलही २,७५० आरपीएमवर ४९५ देतं. व्ही-८ साधं आहे, टिकाऊ आहे, त्याच्या चाहत्यांचा मी आदर करतो. पण कोलोराडोत राहणाऱ्याने टर्बो घ्यावा.

आणि आता ते कागदाचं चिटोरं, ज्याच्यापुढे वरचं सगळं गौण आहे. ड्रायव्हरचं दार उघडा. खांबावर टायरच्या माहितीचं पिवळं-पांढरं स्टिकर असतं. माणसं आणि सामान मिळून किती वजनाच्या वर जाऊ नये, ते त्यावर लिहिलेलं असतं. समजा, तिथे १,५०० पौंड आहेत. भरलेला ट्रेलर ७,००० पौंडांचा. ट्रॅव्हल ट्रेलरचं १० ते १५ टक्के वजन हिचवर, म्हणजे गाडीच्या पाठीवर येतं. साडेबारा टक्के धरा, ८७५ झाले. वजन वाटून देणारी हिच ७५. उरले ५५०. आता माणसं बसवा. आपण ट्रेलर घेतो तेच मुळी आई-बाबा येणार म्हणून : गुडघे दुखतात, संडास जवळ हवा, सकाळचा चहा आपल्या शेगडीवर हवा. चार मोठी माणसं आणि एक मूल म्हणजे ५५० कधीच ओलांडले. कूलर, खुर्च्या, कुकर, डाळ-तांदूळ अजून घरातच आहेत. जाहिरातीतले चौदा हजार पौंड सातच हजारांवर असे संपतात. मग मागचे स्प्रिंग बसतात, पुढची चाकं हलकी होतात, आणि जाताना बोगदा ओलांडल्यावर सिल्व्हरथॉर्नकडच्या उतरणीला स्टिअरिंग जड हवं असतं तेव्हा ते हलकं लागतं. त्या उतरणीवर सुटलेल्या ट्रकसाठी खडीचे रॅम्प बांधलेले आहेत. ते कुणाच्या हौसेखातर बांधलेले नाहीत.

म्हणून क्रम उलटा करा. आधी घरच्या माणसांची वजनं कागदावर मांडा. मग ट्रेलरचं भरलेलं वजन धरा. ब्रोशरमधलं कोरडं वजन नको, त्यात पाणी, गॅस, भांडी काहीच नसतं. ट्रेलर हाती आला की पहिल्याच सहलीला ट्रक-स्टॉपवरच्या कॅट स्केल या वजनकाट्यावरून न्या. स्टिकर वाचा, ॲक्सल विचारा, इंजिन शेवटी. सनरूफ, कातडी खुर्च्या, विजेवर सरकणाऱ्या पायऱ्या असलेल्या महाग मॉडेलचं स्टिकर साध्या मॉडेलपेक्षा सहसा कमी आकडा दाखवतं, कारण हे सगळं वजन गाडीच्या पोटात आधीच बसलेलं असतं. शेजारी शेजारी दोन गाड्या उभ्या असतील, तर कापडी खुर्च्यांची, ३.७३ ची, मोठ्या स्टिकरची साधी गाडी घ्या आणि वाचलेले पैसे चांगल्या हिचवर आणि ट्रेलरच्या ब्रेक कंट्रोलरवर घाला.