खोताच्या वाडीवरची सावली

मराठीच्या प्राध्यापकाकडे नातेवाईक सहसा दोनच कामे घेऊन येतात. एक लग्नपत्रिकेचा मजकूर आणि दुसरे अर्जाचा मसुदा. गेल्या मे महिन्यात माझ्या गिरगावच्या मावशीने तिसरे काम काढले. फोनवर म्हणाली, "तू एम. ए. ना? मग ये आणि हा करारनामा वाचून सांग. वकिलाचे बोलणे मला कळत नाही, आणि बिल्डरचे कळते म्हणून भीती वाटते."

मी सांगलीहून रात्रीची गाडी धरली.

मावशीची चाळ खोताच्या वाडीच्या तोंडाशी आहे. एका अंगाला जगन्नाथ शंकरशेट रस्ता, दुसऱ्या अंगाला विठ्ठलभाई पटेल रस्ता, आणि मध्ये ही वाडी. मोठ्या रस्त्यावरच्या गर्दीतून गल्लीत दहा पावले टाकली की आपण भलत्याच गावी आलो असे वाटते. लाकडी खांबांची, कौलारू घरे; कुणाचा जिना बाहेरून चढलेला, कुणाच्या कठड्याला निळा रंग, कुणाच्या दारात तुळशीऐवजी क्रूस. ओसरीवर बसलेला माणूस आणि गल्लीतून जाणारा माणूस यांच्यात हातभर अंतर. त्यामुळे न बोलता पुढे जाणे इथे उद्धटपणाचे ठरते.

अठराव्या शतकाच्या अखेरीस दादोबा वामन खोत नावाच्या पाठारे प्रभू गृहस्थांकडे ही जमीन होती. त्यांनी तिचे तुकडे ईस्ट इंडियन कुटुंबांना घरांसाठी दिले. हे लोक इथलेच, मराठी बोलणारे ख्रिस्ती. गोव्याहून आणि मंगळूरहून आलेल्या ख्रिस्ती मंडळींहून आपण वेगळे, हे सांगण्यासाठी त्यांनी १८८७ साली आपली संस्था काढली आणि 'ईस्ट इंडियन' हे नाव घेतले. खोताचे नाव आणि क्रूसाची दारे, असा हा संसार. लहानपणी आम्ही भावंडे सुट्टीत मावशीकडे येत असू, तेव्हा वाडीतल्या एका आजींच्या अंगणात बाटली मसाल्यासाठी वाळत घातलेल्या मिरच्यांची राखण करणे हे आमचे काम होते. मजुरी म्हणून फुगे मिळत. रबराचे नव्हेत, पिठाचे, तळलेले.

एके काळी वाडीत अशी पासष्ट घरे होती असे सांगतात. आता तिसांच्या आत आली आहेत. खवय्यांची लाडकी 'अनंताश्रम' खानावळही बंद पडली. मुंबईत १९९५ साली वारसा जपण्याचे नियम आले आणि त्यात वाडीची नोंद झाली. पण यादीत नाव लागल्याने वाळवी थांबत नाही. कौले फेरायची ती घरमालकाने, आपल्या पैशाने.

आता ही चाळ पाडून तिथे वीसाहून अधिक मजल्यांची इमारत उभी करायचे घाटत आहे. मोठ्या रस्त्याला दर्शनी भाग आणि मागची बाजू वाडीवर.

ही बातमी ऐकून माझ्यातला लेखक लगेच संतापला. मावशीच्या दहा बाय बाराच्या खोलीत चहा पिता पिता मी वारशावर छोटेखानी व्याख्यानच दिले. तिने ते पुरते ऐकून घेतले. मग म्हणाली, "तू वर्षातून एकदा येतोस, वाडी बघतोस आणि जातोस. मी अडुसष्ट वर्षांची आहे. रात्री संडासला जायचे तर गॅलरीच्या टोकापर्यंत चालते. जिन्याच्या तीन पायऱ्या गेल्यात. मला लिफ्ट बघायचीय रे, मरण्यापूर्वी."

मी करारनामा उघडला.

त्यातला हिशेब असा. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने मुंबईतली भाडी १९४० सालच्या आकड्यांना बांधली. १९९९ मध्ये नवा कायदा आला, तरी जुन्या भाडेकरूंची भाडी नाममात्रच राहिली. एवढ्या भाड्यात मालक चाळ दुरुस्त करीना. तेव्हा तोड निघाली ती अशी : जुनी उपकरप्राप्त चाळ पाडावी, प्रत्येक भाडेकरूला निदान ३०० चौरस फुटांचे घर फुकट द्यावे, आणि वर जादा मजले चढवून, ते विकून, खर्च आणि नफा काढावा. म्हणजे मावशीच्या फुकट घराची किंमत वरच्या मजल्यांतून निघणार, आणि त्या मजल्यांची सावली मिरच्या वाळत घालणाऱ्या अंगणात पडणार. ज्यांच्या अंगणात ती पडणार, त्यांची सही मात्र या कागदावर कुठेच लागत नाही.

संध्याकाळी मी वाडीत गेलो. त्या आजी आता नाहीत. त्यांची सून ओसरीवर होती. मला वाटले, ती मावशीवर रागावलेली असेल. ती म्हणाली, "बाईंना घर मिळू दे बाबा. पण मोटारींचे फाटक आमच्या गल्लीत काढू नका म्हणावे. मग आम्ही बसायचे कुठे?"

रात्री चाळीच्या गॅलरीत भाडेकरू जमले. माझ्या हाती कागद देऊन म्हणाले, "मास्तर, आता मसुदा करा." मी लिहिले : मोटारींचे फाटक मोठ्या रस्त्यालाच असावे, बांधकामाचे ट्रक वाडीतून नेऊ नयेत, पाया खणताना शेजारच्या लाकडी घरांना तडा गेल्यास भरपाई द्यावी, दरमहा देखभालीचा खर्च किती येईल तो आधी लेखी कळवावा, नाहीतर फुकटचे घर पेन्शनीत परवडायचे नाही. पाचवे कलम लिहिले, की वाडीकडच्या बाजूला इमारत ठेंगणी ठेवावी. आणि मीच ते खोडले. मजले कमी झाले तर बिल्डर पाठ फिरवील आणि मावशीची लिफ्ट जाईल, हा विचार मनात आला.

मावशी माझ्या खांद्यावरून वाचत होती. "ते का खोडलेस?"

मी कारण सांगितले.

"परत लिही," ती म्हणाली. "तो नाहीच म्हणेल. पण तिच्या अंगणातल्या मिरच्या मी चाळीस वर्षे खाल्ल्यात. सही मी करणारच आहे. हे विचारून करीन."

मी पाचवे कलम पुन्हा लिहिले. त्याखाली पहिली सही मावशीने केली. बिल्डरचे उत्तर अजून आलेले नाही.