एक खोली, दोन वर्ग आणि आमचा सर्व्हर



मागच्या आठवड्यात आपल्या गटात एका गुरुजींनी विचारलं, "मॅडम, हे व्हीपीएस म्हणजे काय असतं? शाळेच्या वेबसाइटसाठी घ्यावं का?" उत्तर लिहायला बसले आणि ते लांबतच गेलं, म्हणून इथे टाकते. त्यात माझी एक चूकही आहे.

माझी शाळा मुक्ताईनगर तालुक्यातली, द्विशिक्षकी. डी.एड.ला संगणक होता तो नावापुरता. जे शिकले ते धडपडत. आम्ही चार शिक्षकांनी मिळून स्वाध्यायांची एक साइट काढली आणि सगळ्यात स्वस्त होस्टिंग घेतलं. त्याला शेअर्ड होस्टिंग म्हणतात. महाशिवरात्रीला चांगदेव-मुक्ताईच्या यात्रेत धर्मशाळेत झोपायला जागा मिळते ना, तसं ते. मशीन एक, साइट शेकडो, ज्याला जेवढी जागा सापडली तेवढी त्याची. शिष्यवृत्ती परीक्षा जवळ आली की सगळे एकदम पीडीएफ उतरवायचे आणि साइट बंद! पडद्यावर ५०८ आकडा आणि 'मर्यादा संपली'.

माझा मावसभाऊ नाशिकला सर्व्हरच्याच कामात आहे. त्याला फोन केला तर म्हणे, "ताई, काय करू राह्यली तू? व्हीपीएस घे नं."

त्याने सांगितलं ते असं. पूर्वी मोठ्या गिऱ्हाइकाला होस्टिंग कंपनी अख्खं मशीन द्यायची. ते विकत आणा, रॅकमध्ये बसवा, केबल जोडा, सिस्टिम टाका. यात दिवस जायचे. आणि एवढं करून मशीन बहुतेक वेळ नुसतं बसून. लाइट आणि एसीचा खर्च मात्र चालूच. मग कंपन्यांनी एका मशीनच्या आत अनेक मशीन करायला सुरुवात केली. कल्पना जुनी आहे, आयबीएमने १९७२ मध्येच आपल्या मोठ्या संगणकांसाठी ती विक्रीला आणली होती. साध्या सर्व्हरवर ती आली व्हीएमवेअर या १९९८ मध्ये निघालेल्या कंपनीमुळे. पुढे २००३ मध्ये झेन आलं, २००७ मध्ये केव्हीएम लिनक्सच्या गाभ्यातच गेलं. ही दोन्ही फुकट, त्यामुळे लहान कंपन्यांनाही जमू लागलं.

हे कसं चालतं ते आपल्याला शिकवायची गरज नाही. माझ्याकडे पहिली आणि दुसरी एकाच खोलीत बसतात. फळ्याच्या मधोमध खडूची उभी रेघ. पहिलीला अक्षरं गिरवायला द्यायची, तेवढ्यात दुसरीची वजाबाकी घ्यायची. दोघांनाही वाटतं की बाई आपल्याच. सर्व्हरमध्ये या बाईचं काम करणाऱ्या प्रोग्रामला हायपरवायझर म्हणतात. तो प्रोसेसरचा वेळ आणि मेमरी वाटतो. प्रत्येक आभासी मशीनची सिस्टिम वेगळी, एक बिघडली तरी दुसरी चालू. (आमच्याकडे पहिलीतलं एक पोर रडलं की दुसरीची वजाबाकी थांबते. तेवढं हायपरवायझर बरा!)

आपल्या नाशिकच्या सातपूरची ईएसडीएस ही २००५ मध्ये पीयूष सोमाणी यांनी सुरू केलेली कंपनी. तिच्या ईनलाइट क्लाउडमध्ये चालू मशीनची मेमरी आणि प्रोसेसर गरजेप्रमाणे आपोआप कमी-जास्त होतात आणि वापराइतकंच बिल येतं. पट वाढला की खोली रुंद व्हावी, तसं. आपल्याला मिळेल तेव्हा खरं!

तर आम्ही व्हीपीएस घेतलं, दुसऱ्या एका कंपनीकडून. नाव घेत नाही. दोन वर्षं साइट पळाली. त्या जोशात मी चौथीच्या मुलांचा शब्दसंग्रह साइटवर चढवला. हतनूर धरणामुळे गाव सोडून आलेल्या घरांतल्या आज्यांकडून मुलांनी लेवा बोलीतले शब्द गोळा केले होते. शाळेला 'शाया', केळीला 'केयी' इथपासून ते शेतातल्या अवजारांच्या एकेका भागाच्या नावापर्यंत. चारशेच्या वर शब्द, प्रत्येकापुढे सांगणाऱ्या आजीचं नाव. सगळं टाइप केलं आणि कपाट आवरताना वह्या रद्दीत दिल्या. मनात म्हटलं, आता सर्व्हरवर आहे की.

एका सकाळी साइट उघडेना. खालच्या खऱ्या मशीनच्या डिस्क गेल्या होत्या. मी म्हटलं, आम्ही दर आठवड्याला स्नॅपशॉट घेतो, त्यावरून उभं करा. उत्तर आलं, स्नॅपशॉटही त्याच मशीनवर होते. म्हणजे छप्पर पडलं तर पहिलीही गेली, दुसरीही गेली आणि हजेरीपटही त्याच खोलीत. भाऊ म्हणाला, "ताई, स्नॅपशॉट म्हणजे बॅकअप नसतो वं." हे मला आधी कोणी सांगितलं नव्हतं, आणि मीही विचारलं नव्हतं.

म्हणून गुरुजी, व्हीपीएस जरूर घ्या. पण घेताना 'मेमरी किती' याच्या आधी 'बॅकअप कुठल्या मशीनवर ठेवता' हे विचारा. शिवाय महिन्यातून एकदा सगळं आपल्या पेनड्राइव्हवर उतरवा, आणि त्यातली एखादी फाइल उघडून पाहा.

पालकांच्या मोबाइलमध्ये वह्यांचे फोटो सापडले, त्यातून एकशे साठेक शब्द परत मिळाले. उरलेल्यांसाठी यंदाची चौथी पुन्हा घरोघर जाते आहे. ज्या आजीने सगळ्यात जास्त शब्द सांगितले होते त्या आता नाहीत. त्यांच्या सुनेला आठवतात तेवढे लिहून घेतले, बावीस झाले. वही कपाटात आहे, वरच्या कप्प्यात.