कुरणातली शाळा

मुलांनो, शाळा म्हटले की तुमच्या डोळ्यांसमोर काय उभे राहते? फाटक, घंटा, फळा, बाके आणि ओळीने बसलेली मुले, होय ना? माझ्या पहिल्या शाळेत यांपैकी काहीही नव्हते. तिला भिंती नव्हत्या, छप्पर नव्हते, दारही नव्हते. गवताचा माळ, सागाची चार झाडे आणि भोवती चरणाऱ्या शेळ्या, एवढीच काय ती शाळा! तिला 'कुरणशाळा' म्हणत. कुरण म्हणजे गुरे चरण्याची जागा. "अशा ठिकाणी कोणी शिकते का?" असे तुम्ही विचाराल. हो, शिकते. मी तेथेच पहिले अक्षर गिरवले आणि मोठी झाल्यावर त्याच टेकडीवर शिक्षिका झाले.

मुंबईहून गुजरातकडे जाताना पश्चिम रेल्वेवर डहाणू रोड नावाचे स्टेशन लागते. या डहाणू तालुक्यातच कोसबाडची टेकडी आहे. माझ्या लहानपणी हा भाग ठाणे जिल्ह्यात होता. १ ऑगस्ट २०१४ पासून तो पालघर जिल्ह्यात आहे. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला डोंगर, मध्ये चिकूच्या वाड्या आणि भातशेती. डोंगराच्या अंगाला आम्हां वारली लोकांचे पाडे. कारवीच्या काठ्यांचे कूड आणि त्यांवर शेणमातीचा लेप, अशी आमची घरे. लग्न असले की बायका भिंत सारवत आणि तांदळाच्या पिठाने तिच्यावर चौक काढत.

मी सांगते आहे ती गोष्ट १९६० नंतरच्या काही वर्षांतली आहे. त्या वेळी मी सात वर्षांची होते. आई-वडील दिवस उजाडताच दुसऱ्याच्या शेतावर मजुरीला जात. घरच्या पाच शेळ्या मला राखाव्या लागत. शिवाय धाकटा भाऊ माझ्या कडेवर असे. आता सांगा, मी शाळेत कशी जाणार? शेळ्या कोणाच्या भरवशावर सोडणार? भावाला कोण सांभाळणार? आमच्या पाड्यातल्या साऱ्या मुलांची हीच स्थिती होती. आम्हांला शाळा आवडत नव्हती असे नाही. शाळेच्या वेळी आम्हांला काम असे, एवढेच.

ही अडचण दोन बायांनी ओळखली. एक ताराबाई मोडक आणि दुसऱ्या अनुताई वाघ. यांची थोडी माहिती तुम्हांला हवी. इटलीतील डॉ. मारिया माँटेसरी यांनी १९०७ साली रोम शहरातल्या गरीब वस्तीत लहान मुलांसाठी एक शाळा काढली. मूल आपल्या हातांनी, खेळता खेळता शिकते, हे त्यांनी जगाला दाखवून दिले. आपल्या देशात गिजुभाई बधेका यांनी १९२० साली भावनगर येथे बालमंदिर सुरू केले. ताराबाईंनी गिजुभाईंबरोबर अनेक वर्षे काम केले. माँटेसरी पद्धतीची साधने महाग असत. शहरातल्या बालमंदिरांना ती परवडत, पण खेड्यातल्या मुलांचे काय? हा विचार ताराबाईंना स्वस्थ बसू देईना. १९४५ साली त्या समुद्रकाठच्या बोर्डी गावी आल्या आणि तेथे त्यांनी ग्राम बाल शिक्षा केंद्र काढले. अनुताई त्यांच्या मदतीला आल्या. अनुताई लहानपणीच विधवा झाल्या होत्या, तरी त्या जिद्दीने शिकल्या आणि पुण्यात शिक्षिका होत्या. पुण्यातली चांगली नोकरी सोडून त्या खेड्यात आल्या आणि शेवटपर्यंत याच भागात राहिल्या.

बोर्डीला गरीब वस्तीतली मुले बालमंदिरात येईनात. तेव्हा या दोघींनी बालमंदिरच त्यांच्या अंगणात नेले. त्यातूनच 'अंगणवाडी' हा शब्द आला. पुढे १९५७ साली केंद्र कोसबाडच्या टेकडीवर आले. येथली मुले अंगणातही सापडेनात, कारण ती गुरांमागे रानात असत. मग शाळा रानात निघाली.

आमच्या ताई पहिल्यांदा कुरणात आल्या तो दिवस मला चांगला आठवतो. खांद्याला झोळी, पायांत साध्या चपला. त्यांनी आम्हांला "जोहार" म्हटले. हा आमच्याकडचा नमस्कार. बाहेरचे कोणी आम्हांला जोहार करीत नसे, म्हणून आम्ही एकमेकांकडे पाहतच राहिलो. ताईंनी पुस्तक काढले नाही. त्यांनी फणी काढली. एकेकीचे केस विंचरले, नखे कापली, ओढ्यावर नेऊन हातपाय धुवायला लावले. दुसऱ्या दिवशी गाणे झाले. तिसऱ्या दिवशी गोष्ट झाली. चौथ्या दिवशी आम्हीच वाटेकडे डोळे लावून बसलो.

आमची साधने रानातलीच होती. चिंचोके, सागरगोटे, शंख-शिंपले, गारगोट्या, काटक्या. पाने गोळा करून आम्ही ती डोळे मिटून ओळखत असू. सागाचे पान खरखरीत, करंजाचे गुळगुळीत. सागाचा कोवळा कोंब चुरगाळला की तळहात लाल होई. तो आमचा रंग. अक्षरे आम्ही ओढ्याच्या वाळूत बोटाने गिरवीत असू. चुकले तर हात फिरवायचा, वाळू पुन्हा कोरी! आणि गणित? त्यासाठी शेळ्या होत्याच. "सकाळी सगळ्यांच्या मिळून तेवीस शेळ्या होत्या. आता वीसच दिसतात. मग किती शोधायच्या?" हे गणित कोणी चुकवीत नसे, कारण शेळी हरवली तर घरी बोलणी बसत.

पण एक अडचण फार मोठी होती. ती होती भाषेची. आम्ही घरी वारली बोलत असू. पुस्तकातली मराठी आम्हांला परकी वाटे. ताई काही विचारू लागल्या की आम्ही खाली मान घालून गवत उपटत बसत असू. तेव्हा ताईंनी काय केले ठाऊक आहे? त्यांनी आमचे शब्द शिकायला सुरुवात केली. एकदा त्यांनी मूठभर भात पुढे धरून विचारले, "याला तुमच्या घरी काय म्हणतात?" मी म्हटले, "कणसरी." माझी आजी धान्याला कणसरी म्हणे. कणसरी ही आमची धान्याची देवी. ताईंनी वाळूत आधी 'कणसरी' लिहिले आणि त्याच्या शेजारी 'धान्य' लिहिले. माझ्या आजीचा शब्द लिहिता येतो, हे मला त्या दिवशी कळले. तोपर्यंत मला वाटे, लिहायचे शब्द निराळ्या लोकांचे असतात. त्यानंतर पुस्तकातल्या शब्दांची भीती राहिली नाही. आपल्या शब्दाचा हात धरून नवा शब्द घरात येऊ लागला.

वडिलांना मात्र हे सारे पोरखेळ वाटत होते. पावसाळ्यात घरातले धान्य संपले की ते गावातल्या एका दुकानदाराकडून खावटी घेत. खावटी म्हणजे खाण्यासाठी उसने घेतलेले धान्य. पीक आले की ते दीडपट परत करावे लागे. एका वर्षी वडिलांनी चार मण भात घेतला होता. त्यांतला बराचसा त्यांनी फेडला होता. तरी तीन मण बाकी आहे, असे दुकानदाराने सांगितले. वडील रात्री अंगणात डोके धरून बसले. मी गारगोट्या घेऊन आले. चार गारगोट्या मांडल्या, त्यांत निम्म्या म्हणजे दोन घातल्या. झाल्या सहा. "बाबा, तुम्ही किती मण दिला?" ते म्हणाले, "चार." मी चार गारगोट्या बाजूला केल्या. दोनच उरल्या. वडिलांनी त्या पुन्हा पुन्हा मोजल्या. सकाळी त्यांनी सहाही गारगोट्या फडक्यात बांधल्या आणि मला बरोबर घेऊन ते दुकानी गेले. तेथे मी त्या पुन्हा मांडल्या. दुकानदाराने वही उघडली, काही वेळ पाहिली आणि तीनाचे दोन केले. वडील एक शब्दही बोलले नाहीत. पण त्या दिवसापासून धाकट्या भावाची सोय आजीकडे झाली आणि एक शेळी हरवली तरी चालेल, पण पोरीचा धडा चुकता कामा नये, असे ते आईला सांगू लागले.

कुरणातून मी टेकडीवरच्या विकासवाडीत गेले. तेथे पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा जवळजवळच होती. बहिणीने धाकट्या भावंडाला पाळणाघरात ठेवायचे आणि स्वतः वर्गात बसायचे, अशी ती सोय होती. पुढे मी शिकले, बालशिक्षणाचे प्रशिक्षण घेतले आणि झोळी माझ्या खांद्यावर आली.

शिकणे सोपे होते. शिकवणे किती कठीण आहे, ते मग समजले. आमच्या शाळेत छडी नव्हती. मुलाला मारायचे नाही, रागाने बोलायचे नाही, एकाची दुसऱ्याशी तुलना करायची नाही, असा नियमच होता. आता २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने सर्वच शाळांत मुलांना शिक्षा करण्यास मनाई आहे. आमच्याकडे ती रीत फार आधीपासून होती.

माझ्या वर्गात एक मुलगा होता. दिवाळीनंतर त्याचे आई-वडील वीटभट्टीवर कामाला जात आणि त्यालाही नेत. पावसाच्या तोंडावर तो परत येई. तोवर वर्ग खूप पुढे गेलेला असे. पाढे म्हणायची वेळ आली की तो भिंतीकडे तोंड करून बसे. कितीही समजावले तरी बोलत नसे. एके दिवशी मातीकामाच्या तासाला तो छोट्या छोट्या विटा पाडताना मला दिसला. विटा कशा रचतात, असे मी विचारले. त्याने एक शब्दही न बोलता आठ-आठ विटांच्या पाच ओळी रचल्या. "किती झाल्या?" "चाळीस," तो चटकन म्हणाला. "आणि असेच आणखी चार थर चढवले तर?" "दोनशे!" भट्टीवर मजुरी हजार विटांवर मिळे. त्यामुळे थर पाहून विटा सांगायला तो वडिलांकडूनच शिकला होता. आठाचा पाढा त्याला येत होता. तो पाढा आहे, हे त्याला कोणी सांगितले नव्हते. त्या दिवशी साऱ्या वर्गाने त्याच्याकडून गुणाकार शिकून घेतला. पुढच्या दिवाळीला तो आजीजवळ राहिला, भट्टीवर गेला नाही. त्याच्यासाठी त्याची आई माझ्याशी तीनदा बोलली होती.

मुलाच्या हाताला जे येते तेथून शिकवावे, हा विचार एकट्या कोसबाडचा नव्हता. तुम्ही डॉ. झाकीर हुसेन यांचे नाव ऐकले असेल. ते १९६७ ते १९६९ या काळात भारताचे राष्ट्रपती होते. १९३७ साली वर्धा येथे गांधीजींच्या पुढाकाराने शिक्षण परिषद भरली. तिने नेमलेल्या समितीचे ते अध्यक्ष होते. मुलांनी मातृभाषेतून आणि हाताच्या कामातून शिकावे, असे त्या समितीने सांगितले. दिल्लीच्या जामियातले हे उर्दूप्रेमी शिक्षक आणि आमच्या टेकडीवरच्या ताराबाई, दोघांची वाट किती जवळची होती, पाहा!

ताराबाईंना १९६२ साली पद्मभूषण मिळाले. १९७३ साली त्या वारल्या. अनुताईंना १९८५ साली पद्मश्री मिळाली आणि १९९२ साली त्याही गेल्या. पण 'अंगणवाडी' हा त्यांच्या कामातला शब्द राहिला. २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झालेल्या बालविकास योजनेने तो घेतला आणि आज देशात तेरा लाखांहून अधिक अंगणवाड्या आहेत. तुमच्या मोहल्ल्यातही एखादी असेल. तुमची धाकटी भावंडे तेथे जात असतील.

मुलांनो, तुमच्यापैकी पुष्कळांच्या घरी उर्दू बोलतात. मराठीचा तास आला की कधी कधी तुम्हांलाही गवत उपटत बसावेसे वाटत असेल. तेव्हा वाळूतले माझे दोन शब्द आठवा. तुमच्या घरचे शब्द मराठीत आधीच येऊन बसले आहेत. तुम्ही पाठीवर घेता ते दप्तर, लिहिता तो कागद, त्यावरची शाई, बाईंची खुर्ची, गणिताच्या वहीतला हिशेब, हे सारे शब्द फारसी-अरबीतून मराठीत आले आणि येथलेच झाले. आज घरी गेल्यावर आजीला एखादा जुना शब्द विचारा. तो वहीत उर्दूत लिहा आणि त्याच्या शेजारी त्याचा मराठी शब्द लिहा. उद्या तो वर्गात सर्वांना सांगा. आणि सरांनी किंवा बाईंनी तुमचे नाव घेतले की मोठ्याने म्हणा, "हजर!" हा शब्दही तुमच्या घरचाच आहे.