कुंडीतले कनारी गवत

बारडोली, माघ वद्य पंचमी

शेजाऱ्यांच्या पाखरांसाठी आणलेल्या दाण्यांतले चार कण माझ्या गच्चीवरील कुंडीत केव्हा सांडले कोण जाणे. परंतु आज सकाळी, दव अजून सुकले नसताना, त्या आगंतुकांनी उभारलेली आखूड, अंडाकृती कणसे पाहून मी चहा निवत ठेवून तिथेच बसलो. भिंगातून पाहता प्रत्येक फिकट तुषावर हिरवी रेघ आणि पाठीवर चिमुकल्या पंखासारखी कड दिसली. वनस्पतिचित्रकाराची खरी परीक्षा गुलाबात नसून अशा तृणातच होते. ड्यूररने 1503 साली गवताचे एक सामान्य ढेकूळ रंगविले, ते उगीच नव्हे.

नावाची कुळकथाही गमतीची: कनारी बेटांना नाव कुत्र्यांवरून, पाखराला आणि गवताला बेटांवरून!

याचा धाकटा भाऊ गुल्ली-डंडा पंजाब-हरियाणात गव्हाचा वेष घेऊन गव्हातच बिऱ्हाड करतो. रोपाचे बूड मोडून लालसर रस दिसला म्हणजेच ओळख पटते. 1990 च्या दशकात त्याने आयसोप्रोट्युरॉन या तणनाशकाला दाद दिली नाही. ज्या तालुक्याच्या रयतेने 1928 साली 22 टक्के सारावाढ धुडकावली, तेथे बसून अशा हट्टी तणाला नुसते दूषण देणे मला जड जाते.

दुपारी ऊसतोडीसाठी खानदेशातून आलेले एक वृद्ध मुकादम पाणी प्यायला थांबले. कणीस बोटांत फिरवून म्हणाले, “बाजरीचं पोर दिसतंय, पण अंगानं खुजंच राहिलं.”